अस्सलबरहुकूम

मोडी कागदपत्रांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना 'अस्सलबरहुकूम नक्कल' हा शेरा नवा नाही. मूळ पत्र समोर ठेवून कारकुनाने त्याची प्रत केली, ती मुळाशी ताडून पाहिली आणि मगच हे शब्द लिहिले, अशी ग्वाही त्या शेऱ्यात असते. आजच्या बोलीत 'नक्कल' हा शब्द पुष्कळच घसरला आहे. स्नेहसंमेलनातल्या नकला किंवा नकलाकार म्हटले की त्यात एक हलकेपणा येतोच. दप्तरखान्यात मात्र तो प्रतिष्ठेचा शब्द होता. अस्सल जळाले, वाळवीने खाल्ले किंवा भाऊबंदकीत गहाळ झाले तर घराण्याचा हक्क नकलेच्या आधाराने उभा राहत असे. नकलेचे खरे वैर होते ते बनावटीशी. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन मुंबई इलाख्यातील सनदा तपासू लागले, तेव्हा अस्सल, नक्कल आणि बनावट या तीन शब्दांवर किती घरांचे नशीब टांगले गेले होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना सांगायला नको.

या तीन शब्दांकडे मी पुन्हा वळलो तो एका अगदीच अनपेक्षित विषयामुळे. वाचक बुचकळ्यात पडतील, पण सांगतो. अमेरिकेत, आणि काही प्रमाणात इंग्लंडमध्येही, एक छंद आहे. महायुद्धात वापरलेल्या आणि पुढे सरकारांनी मोडीत काढून विकलेल्या साध्या लष्करी रायफली घ्यायच्या, आणि त्यांच्यापासून त्याच काळातल्या स्नायपर रायफलींच्या प्रतिकृती तयार करायच्या. खऱ्या स्नायपर रायफली मुळातच थोड्या बनल्या, त्यांतल्या आज आणखी थोड्या उरल्या, आणि त्यांच्या किमती साध्या रायफलींच्या कित्येक पट आहेत. म्हणून ही माणसे महिनोन्‌महिने जुनी छायाचित्रे, पुस्तिका आणि मोजमापे अभ्यासून मुळाशी जास्तीत जास्त जुळेल अशी वस्तू घडवतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे अशी लष्करी रायफल सामान्य माणसाच्या घरी असूच शकत नाही. आपण ती पाहतो संग्रहालयाच्या काचेआड किंवा पोलिसाच्या खांद्यावर. २००८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती होत्या त्या याच घराण्यातल्या जुन्या .३०३ रायफली, आणि समोर होती स्वयंचलित शस्त्रे. त्यामुळे 'जुनी रायफल' म्हटल्यावर आपल्या मनात छंद येत नाही, एक लाजिरवाणी आठवण येते.

या छंदाची ओळख मला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने करून दिली. विज्ञान शाखेचा असूनही तो माझ्या मोडी वाचनाच्या वर्गाला नेमाने येत असे. अक्षरे लावण्यापेक्षा कागदाची जात, शाईचा रंग, शिक्क्याची झीज यांत त्याला अधिक रस. पुढे तो अभियंता होऊन ओहायोला स्थायिक झाला. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने मला काही छायाचित्रे पाठवली. तळघरातल्या टेबलावर जुन्या ब्रिटिश रायफलीचे सुटे भाग मांडलेले, शेजारी जवसाच्या तेलाची बाटली. दस्त्याच्या लाकडावर तो रोज रात्री हाताने तेल चोळतो, ते मुरू देतो आणि पुन्हा चोळतो, असे त्याने लिहिले होते. त्यातच एका पितळी काडतुसाचे छायाचित्र होते. बुडाशी 'के एफ' ही अक्षरे. खाली त्याची एक ओळ: "सर, हे आपल्या खडकीचं आहे." खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसाने सात समुद्रांपलीकडे एका मराठी मुलाच्या टेबलावर येऊन बसावे, याचे त्याला अप्रूप वाटत होते. मलाही वाटले, हे कबूल करायला हवे.

तो जिची प्रतिकृती करत होता तिचे नाव ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी). दुसऱ्या महायुद्धातली ही ब्रिटिश स्नायपर रायफल. तिच्या जन्माची हकिकत मोठी उद्बोधक आहे. कारखान्यातून निघणाऱ्या हजारो साध्या रायफलींची नेमबाजीची चाचणी होई. त्यांतल्या ज्या विशेष अचूक ठरत त्या वेगळ्या काढून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीकडे पाठवल्या जात. ही पेढी १८३५ सालची, उमराव आणि महाराजांच्या शिकारी बंदुका घडवणारी. तिथले कारागीर रायफलीच्या डाव्या अंगाला दुर्बिणीसाठी आधार बसवत, दस्त्यावर गाल टेकण्यासाठी लाकडी उंचवटा जोडत आणि तीन पट मोठे दाखवणारी नंबर ३२ ही दुर्बीण त्या एका रायफलीशी जुळवून देत. ही दुर्बीण तरी मुळात तिच्यासाठी कुठे होती! ती आखली गेली होती ब्रेन मशीनगनसाठी. जुळणी झाली की दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या कंसावर ठोकला जाई. एकमेकींचे क्रमांक अंगावर गोंदवून घेतलेली ही जोडी मग एका लाकडी पेटीत राही. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या.

इथे माझ्यातला पाठचिकित्सेचा विद्यार्थी जागा झाला. ज्याला आपण 'अस्सल' म्हणतो तेच मुळी एक रूपांतर आहे. १९४३ साली लंडनच्या एका कारागिराने साधी रायफल घेऊन तिची स्नायपर रायफल केली, आणि माझा विद्यार्थी ओहायोच्या तळघरात नेमके तेच करत होता. हात तसेच, क्रमही बराचसा तोच. मग एक अस्सल आणि दुसरी नक्कल का? रशियन रायफलीचे उदाहरण तर याहून गुंतागुंतीचे. मोसिन-नागांत या रायफलीवर पीयू नावाची साडेतीन पटीची दुर्बीण बसवून सोव्हिएत सैन्याने १९४२ पासून मोठ्या संख्येने स्नायपर रायफली केल्या. युद्ध संपल्यावर गरज उरली नाही, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ रायफलींच्या दुर्बिणी काढल्या, भोके बुजवली, अंगावरचा दुर्बिणीचा क्रमांक खोडला आणि त्या साध्या शिपायाच्या रायफली म्हणून पुन्हा कोठारात ठेवल्या. आज संग्राहक जुन्या रायफलींच्या ढिगात बुजवलेल्या भोकांचे ते दोन पुसट गोल शोधत असतात. सापडले की तिथे पुन्हा दुर्बीण बसवतात. अशी रायफल अस्सल म्हणावी की नक्कल? खरवडलेल्या चर्मपत्रावर दुसराच मजकूर लिहिला जावा, आणि शतकांनंतर कुणीतरी खालची अक्षरे लावून ती वर आणावीत, तसा हा प्रकार. वरचा मजकूरही खोटा नसतो, खालचाही नसतो.

वॉल्टर बेंजामिन यांचा यांत्रिक पुनर्निर्मितीवरचा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी एम. ए. ला कधी ना कधी वाचलेला असतो. यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते, हा १९३६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा विचार. या छंदात मात्र सगळे उलटे झालेले दिसते. इथे अस्सल ही कारखान्याच्या पट्ट्यावरून निघालेली, लाखांतली एक, क्रमांकावाचून ओळख नसलेली वस्तू आहे. आणि नक्कल ही एका माणसाने एकट्याने, सहा-सहा महिने खपून, हाताने केलेली आहे. वलय कुणाभोवती असायला हवे? तरीही ते आहे अस्सलाभोवतीच. याचा अर्थ, वलय कारागिरीतून येत नाही, ते साक्षीतून येते. ही वस्तू तिथे होती, एवढेच तिचे मोठेपण. तिच्या दस्त्यावरचा ओरखडा सुंदर नसतो, पण तो कुठेतरी, कधीतरी, कुणाच्यातरी हातून पडलेला असतो. नकलेवर तसाच ओरखडा पाडता येतो. पण तो पाडताच ती साक्ष देऊ लागते, आणि तीही न पाहिलेल्या घटनेची.

माझ्या विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न नेमका याच ठिकाणचा होता. काम संपत आले होते. अस्सल रायफलीवर काही खुणा असतात. अंगावर 'टी' हे अक्षर, दस्त्याच्या खालच्या बाजूस 'एस ५१' हा हॉलंड अँड हॉलंडचा संकेत, आणि ते एकमेकींचे क्रमांक. त्याने लिहिले, "शिक्के विकत मिळतात, सर. मारले तर ती अगदी मुळासारखी दिसेल. नाही मारले तर अपुरी वाटते. तुम्ही असता तर काय केलं असतं?" बंदुकीतले मला काहीच कळत नाही, हे त्याला ठाऊक होते. तो रायफलीविषयी विचारतच नव्हता.

मी उत्तर द्यायला आठवडा घेतला. एकीकडे मला त्याची ओढ समजत होती. प्रत करणाऱ्याला पूर्णतेचा मोह असतोच. आणि खुणा हा त्या वस्तूच्या रूपाचा भागच आहे, मग त्या का गाळायच्या? दुसरीकडे आपल्या परंपरेत या मोहाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतके हातोहात फिरलेल्या ग्रंथातले अपपाठ त्यांनी काढले आणि आपल्या या कामाची नोंद शकासह ग्रंथाच्या शेवटी करून ठेवली. स्वतः एवढे समर्थ कवी; पण ग्रंथात आपली एकही ओवी मिसळू नये, असे त्यांनी पुढच्यांना बजावले. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ पर्यंत चालले. त्या आवृत्तीतला संहितापाठ जसाच्या तसा कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. म्हणजे तीही एक पुनर्रचनाच. पण पानापानाखाली पाठभेद दिलेले आहेत, आणि जिथे पाठ संशयित आहे तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाने आपला हात लपवलेला नाही. पुनर्रचना प्रामाणिक राहते ती या रेघेमुळे.

आणि ज्यांची नावे आपण कधीच घेत नाही ते लेखनिक! पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत ते आपले नाव, गाव, शक, तिथी लिहितात. समोर जे होते ते उतरवले, चुकभूल असल्यास सांभाळून घ्यावे, अशा अर्थाचे काहीतरी म्हणतात. पुष्पिका नसलेली पोथी चांगली असू शकते. पण खोटी पुष्पिका असलेल्या पोथीतल्या खऱ्या अक्षरांवरही मग विश्वास बसत नाही. मी त्याला लिहिले, "हॉलंड अँड हॉलंडचा शिक्का ही त्यांची पुष्पिका आहे. ती तू लिहू नयेस. तू तुझी लिही. आज तुझ्या हातात असताना ती रायफल कुणाला फसवणार नाही, हे मला माहीत आहे. पण वस्तू माणसापेक्षा जास्त जगतात. तुझ्या मागे ती कुणाच्या तरी हाती जाईल, आणि तेव्हा ती काय बोलेल ते आजच ठरणार आहे."

इथवर सगळे ठीक होते. एका अर्थी सोयीचेही होते, कारण प्रतींविषयी बोलताना ही प्रत कशाची आहे हा प्रश्न बाजूला ठेवता येत होता. त्यानंतर काही महिन्यांनी त्याने कळवले की पुढची प्रतिकृती जर्मन स्नायपर रायफलीची करणार. त्यासाठी त्याने एक जुनी माउझर मिळवली होती. ती रशियनांनी युद्धात हस्तगत केलेली, सोव्हिएत कोठारात सगळे भाग सुटे करून पुन्हा जुळवलेली. त्यामुळे एका भागाचा क्रमांक दुसऱ्याशी जुळत नाही, जणू चार पोथ्यांची पाने एका बस्त्यात बांधलेली. वर्णन मोठे रसाळ होते. पण वाचताना माझे मन दुसरीकडेच गेले.

'स्नायपर' हा शब्द आपल्याच भूमीवर जन्माला आला, हे फार जणांना ठाऊक नसते. स्नाइप म्हणजे पाणथळीतला एक चिमुकला, वेडावाकडा उडणारा पक्षी, आपला पाणलावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी फावल्या वेळात त्याची शिकार करत आणि घरच्या पत्रांत तिचा उल्लेख करत. तिथून हा शब्द लष्करात शिरला. म्हणजे शब्दाच्या पोटात पक्षी आहे. आणि पक्ष्याच्या जागी नंतर माणूस आला आहे. नाईक यशवंत घाडगे हा तसा एक माणूस. माणगाव तालुक्यातला, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्याची सगळी तुकडी पडली. तो एकटा पुढे धावला, हातबाँबने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. ठाणे जिंकले. आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्याला शत्रूच्या स्नायपरने टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांची थडगी नाहीत त्यांच्या यादीत कोरलेले आहे. मानपत्रात त्याच्या पराक्रमाचे सगळे तपशील आहेत. मारणाऱ्याचे नाव नाही, आणि त्याच्या हातातल्या रायफलीचे वर्णनही नाही.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ याच रेजिमेंटमधून इटलीत लढले. आम्ही त्यांना दादाआजोबा म्हणत असू. युद्धाबद्दल ते काही सांगत नसत. मीही त्या वयात विचारले नाही. पण रात्री अंगणात बिडी ओढताना ते ती कधी उघडी धरत नसत. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तिच्या आत विस्तव लपवत. अंधारात दिसायचा तो फक्त बोटांच्या फटींतला तांबूस उजेड. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात त्यांच्यावर कोण नेम धरणार होते? पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले की माझे वडीलही बिडी अशीच ओढतात. वडिलांनी युद्ध पाहिले नव्हते. त्यांनी फक्त काकांना पाहिले होते. ती ओंजळ ही एक नक्कल होती, बोटांच्या ठेवणीपर्यंत अस्सलबरहुकूम. आणि करणाऱ्याला अस्सलात काय होते याची गंधवार्ता नव्हती. एका जर्मन दुर्बिणीची आठवण आमच्या घरात अशी दोन पिढ्या टिकली. तीही पोलादाशिवाय.

हे मी त्याला कळवले. करू नकोस, असे म्हटले नाही; तो अधिकार मला नाही. त्याचे उत्तर लांबलचक आणि मनापासून लिहिलेले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: "जिंकलेल्यांच्याच वस्तू जपायच्या म्हटलं तर ती जयंती झाली, इतिहास नव्हे. मला ती रायफल आवडते म्हणून नाही करत. ती हातात घेतल्याशिवाय कळत नाही की त्या दुर्बिणीतून माणसाचा चेहरा दिसतो. पुस्तकात वाचून हे कळत नाही, सर." ओहायोतल्या कॅम्प पेरी येथे २०११ पासून जुन्या स्नायपर रायफलींची एक स्पर्धा होते, दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध या काळातल्या रायफली, दोघादोघांच्या जोड्या, तीनशे आणि सहाशे यार्डांवरचे कागदी लक्ष्य. प्रतिकृतींना तिथे मुभा आहे. तो आपली ब्रिटिश रायफल घेऊन गेला होता. त्याचा जोडीदार पांढऱ्या केसांचा, त्याचे वडील युद्धात होते. दिवसभर दोघे कागदावर नेम धरत होते, आणि मधल्या वेळात म्हातारा वडिलांविषयी बोलत होता. तो आधी कधी कुणाशी त्यांच्याविषयी बोलला नव्हता म्हणे.

हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. पूर्ण पटतही नाही. हाताला कळणारे एक ज्ञान असते, हे मान्य. हस्तलिखित हाताळल्याशिवाय पाठचिकित्सा शिकवता येत नाही, हे मी स्वतःच वर्गात सांगत आलो आहे. पण त्या दुर्बिणीच्या दोन टोकांपैकी प्रतिकृती होते ती एकाच टोकाची. डोळा लावण्याच्या बाजूची. दुसऱ्या बाजूला जो होता त्याची प्रत कोणत्याही तळघरात निघत नाही. त्याच्यासाठी जुने सुटे भाग मिळत नाहीत, पुस्तिका नाही, मोजमापे नाहीत. फार तर एखादी ओंजळ मिळते. साहित्याचे काम मला वाटते या दुसऱ्या टोकापासून सुरू होते, आणि बहुधा म्हणूनच ते इतके अपुरे राहते. एका टोकाची नक्कल जितकी अचूक होत जाईल तितके दुसऱ्या टोकाचे रिकामेपण अधिक जाणवावे, एवढी अपेक्षा आपण छंदाकडून करू शकतो का? माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती पुरी होताना दिसते आहे. सगळ्यांच्या बाबतीत होत असेल, असे मी म्हणणार नाही.

ब्रिटिश रायफलीवर त्याने शिक्के मारले नाहीत. नळी जिथे लाकडात बसते तिथे आतल्या अंगाला, भाग सुटे केल्यावरच दिसेल अशा ठिकाणी, त्याने आपले नाव, २०२३ हे साल आणि मोडी लिपीत एकच शब्द कोरला: नक्कल. वळण थोडे आखडलेले आहे, पण 'क' ला 'क' मी लगेच ओळखला. 'अस्सलबरहुकूम' का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर त्याने लिहिले, "मुळाशी ताडून कुणी पाहिलंय, सर?" दप्तरखान्यातल्या कोणत्याही जुन्या कारकुनाने मान डोलावली असती. माउझरचे भाग अजून पेटीत आहेत. घाडग्यांचे मानपत्र छापून त्याने पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे, आणि ती रायफल जुळवायची की तशीच सुटी ठेवायची हे अजून ठरवलेले नाही.